एका दिवसाच्या डोंगरभटकंतीसाठी हलके बूट कसे निवडावेत?

चालती

नमस्कार मंडळी. सकाळी निघायचं, डोंगर चढायचा आणि संध्याकाळपर्यंत खाली यायचं, अशी भटकंती मला मनापासून आवडते. मुक्काम नसतो, त्यामुळे पाठीवर पाच-सहा किलोपेक्षा जास्त ओझं कधी नसतं. वाटा मात्र सगळ्या तऱ्हेच्या: झाडीतली मातीची पायवाट, उघडा कातळ, सुट्या दगडांचा घसारा, मध्येच एखादा ओढा. आजवर जाड चामड्याचे जड बूट वापरले. त्यांचा तळ आता गुळगुळीत झालाय. नवे घ्यायचे तर हलकेच, एवढं ठरलंय.

पण चौकशी करू लागले की प्रत्येक जण वेगळं सांगतो. कुणी म्हणतं घोट्याच्या वर जाणारेच घे, नाहीतर पाय मुरगळेल. कुणी म्हणतं वॉटरप्रूफ नसेल तर पैसे वाया. कुणी म्हणतं धावायचे बूट पुरतात, हायकिंगचे कशाला? मला हे सगळं नीट समजून घ्यायचंय. दुकानात उभं राहिल्यावर नेमकं काय बघायचं, कोणत्या क्रमाने बघायचं, हे अनुभवी लोकांनी सांगावं. माझं पाऊल पुढे रुंद आणि टाचेकडे निमुळतं आहे, हेही सांगून ठेवते.

रानवारा

चालती, पावलाचा आकार सांगितलात ते फार बरं केलंत, कारण सगळी निवड तिथूनच सुरू होते. माझा क्रम असा: आधी माप आणि आकार, मग तळ, आणि बाकी सगळं त्यानंतर. उंची, वॉटरप्रूफ, रंग, कंपनी हे नंतरचे प्रश्न आहेत. पायाला न बसणारा उत्तम बूट हा वाईटच बूट.

वजनाचं आधी बोलू, कारण तुम्ही तिथून सुरुवात केली आहे. पायातलं वजन आणि पाठीवरचं वजन सारखं नसतं. पायातला एक किलो वाहायला जी शक्ती लागते ती पाठीवरच्या साधारण पाच-सहा किलोंना लागते. कारण उघड आहे. पाठ एका संथ गतीने पुढे जाते, पाय मात्र प्रत्येक पावलाला थांबतो, उचलला जातो, पुढे फेकला जातो. पंधरा किलोमीटरच्या वाटेवर एकेक पाय दहा हजारांहून अधिक वेळा उचलला जातो. एका बुटात २०० ग्रॅम कमी झाले तर दिवसभरात त्या एका पायाने दोन टन कमी उचलले. परतीच्या शेवटच्या तासात, मांड्या थकलेल्या असताना, पाऊल नीट उचललं जात नाही आणि ठेच लागते. हलक्या बुटाचा खरा फायदा तेव्हा कळतो.

ढोबळ अंदाज म्हणून: घोट्याखालचे हलके बूट जोडीला ५०० ते ७५० ग्रॅम, घोट्यापर्यंतचे हलके ८०० ते १,०००, आणि मोठ्या ओझ्याच्या लांब प्रवासाचे चामडी बूट १,४०० च्या पुढे. तुमच्या पाच-सहा किलोंना तिसऱ्या गटाची गरज नाही.

आता माप. दुकानात दुपारनंतर जा. दिवसभर उभं राहून, चालून पाऊल थोडं फुगतं, आणि डोंगरात ते आणखी फुगतं. भटकंतीला जे मोजे घालता तेच घेऊन जा. दोन्ही पावलं मोजून घ्या, मोठं असेल त्याप्रमाणे बूट घ्या. आणि पायात घालून बघण्याआधी एक गोष्ट करा: बुटातला सुटा इनसोल (तळव्याखालची आतली गादी) बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभ्या राहा. टाच मागच्या कडेला टेकवली की सर्वांत लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी, म्हणजे १० ते १२ मिलिमीटर जागा उरली पाहिजे. करंगळी किंवा चवड्याची बाजू इनसोलच्या बाहेर सांडत असेल तर तो बूट परत ठेवा. वरचं कापड ताणलं जाईल अशी आशा ठेवू नका. हल्लीच्या हलक्या बुटांचं कृत्रिम कापड चामड्यासारखं सैलावत नाही.

मग नाडी बांधून उतारावर चाला. चांगल्या दुकानात उतरती फळी असते. नसेल तर जिन्यावरून खाली या आणि पायरीच्या कडेवर चवडा खाली झुकवून उभ्या राहा. बोटं पुढे आपटली तर तो बूट उतारावर नखं काळी करणार, यात शंका नाही. चढताना जवळजवळ कुठलाही बूट बरा वाटतो.

सांजवेळ

रानवारा यांच्या उतारावरच्या चाचणीला पूर्ण अनुमोदन. मापाबद्दल थोडी भर घालते.

बुटावरच्या आकड्यावर विसंबू नका. ब्रिटिश पद्धतीत एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, सुमारे साडेआठ मिलिमीटर. युरोपीय पद्धतीत एक नंबर म्हणजे दोन तृतीयांश सेंटिमीटर, सुमारे पावणेसात मिलिमीटर. त्यामुळे एकातून दुसऱ्यात आकडा नेताना तो कुठेतरी वरखाली ढकलावा लागतो, आणि प्रत्येक कंपनी तो आपल्या सोयीने ढकलते. काही बुटांच्या जिभेमागे मिलिमीटर किंवा सेंटिमीटरमध्ये पावलाची लांबी छापलेली असते. तुलना करायची तर त्या आकड्याची करा.

दुसरं, लांबी म्हणजे सगळं माप नव्हे. बूट चवड्याच्या सांध्यापाशी वाकतो. तुमचं पाऊलही तिथेच वाकतं. या दोन जागा जुळल्या नाहीत तर लांबी बरोबर असूनही बूट दिवसभर पायाशी भांडत राहतो. दुकानांत असतं ते ब्रॅनॉकचं धातूचं मोजमाप-यंत्र म्हणूनच टाचेपासून बोटांपर्यंतचं आणि टाचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंतचं, अशी दोन अंतरं दाखवतं. चवड्यावर उभ्या राहून बघा, बुटाची घडी नेमकी कुठे पडते ते. घडी बोटांवर पडत असेल तर काही तासांत तिथे रक्त साकळेल.

चालती, पुढे रुंद आणि मागे निमुळतं पाऊल बायकांत पुष्कळ आढळतं. पुरुषांचा बूट रुंदीसाठी घेतला की टाच आत हलते आणि फोड येतात. अनेक कंपन्या बायकांसाठी वेगळ्या साच्यावर बूट बेततात, टाचेचा कप अरुंद ठेवतात. काही मात्र पुरुषांचाच साचा छोटा करून रंग बदलतात. टाच हलते का, हे बघूनच दोन्हींतला फरक कळतो. बाळंतपणानंतर पाऊल कायमचं थोडं लांबलेलं असू शकतं, वयाबरोबर कमान थोडी बसते आणि पाऊल पसरतं. म्हणून जुन्या नंबरावर ऑनलाइन मागवू नका. आज मोजा.

कातळ

मी उंचीबद्दल वेगळं मत मांडतो. घोट्याच्या वरचे बूटच घ्यावेत. घसाऱ्यावर घोट्याच्या हाडाला दगड लागला की काय होतं ते ज्याला लागलाय त्यालाच ठाऊक. शिवाय बुटात खडे, काटे, गवताची कुसळं शिरत नाहीत. डोंगर म्हणजे बाग नव्हे. घोट्याला आधार हवाच.

रानवारा

कातळ, दगडाचा मार आणि खडे-काटे हे दोन्ही मुद्दे रास्त आहेत, आणि त्यासाठी कुणी उंच बूट घेत असेल तर मी अडवणार नाही. पण आधाराची गोष्ट वेगळी आहे. मुरगळणं म्हणजे पाऊल आतल्या बाजूला कलंडणं, आणि त्या क्षणी घोट्यावर सगळ्या शरीराचं वजन पडतं. हलक्या बुटाची मऊ, फोम भरलेली कॉलर (घोट्याभोवतीची वरची कड) ते वजन पेलू शकत नाही. हाताने दाबून बघा, ती सहज दुमडते. जड गिर्यारोहणाच्या बुटाची ताठ कॉलर काही प्रमाणात रोखते, पण तुम्ही घेताय तो तसा बूट नव्हे.

१९९३ साली बास्केटबॉल खेळणाऱ्या ६२२ विद्यार्थ्यांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला होता. उंच आणि बसके बूट चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटून दिले, आणि घोटा मुरगळण्याच्या प्रमाणात दोन्हींत लक्षणीय फरक आढळला नाही. मैदान आणि डोंगर एक नव्हेत, हे मान्य. पण उंच कॉलर म्हणजे सुरक्षा, हे गृहीत धरण्याला तो मोठा धक्का होता.

मुरगळण्यापासून जास्त वाचवतं ते तळाचं रूप. मिडसोल, म्हणजे तळातला फोमचा थर, जितका उंच आणि अरुंद, तितकं पाऊल जमिनीपासून वर आणि कलंडायला सोपं. जमिनीलगतचा, टाचेशी रुंद तळ घ्या. आणि घोट्याचे स्नायू तयार ठेवा: रोज एका पायावर उभं राहायचं, जमलं की डोळे मिटून.

उंबर

याच संदर्भात एमा गेटवुड यांचं नाव घ्यावंसं वाटतं. १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्यांनी अमेरिकेतली ॲपलाचियन ट्रेल एकटीने एका हंगामात पुरी केली. तीन हजार किलोमीटरहून लांब वाट, आणि पायात केड्स कंपनीचे कॅनव्हासचे साधे बूट. अनेक जोड्या झिजल्या, पण त्या चालत राहिल्या. मला त्या बाईंबद्दल अपार आदर आहे.

कातळ

आदर मलाही आहे. पण उंबर, त्या आयुष्यभर शेतात राबलेल्या होत्या, त्यांची पावलं तशी घडलेली होती. आठवडाभर खुर्चीवर बसून रविवारी डोंगरावर जाणाऱ्याने पातळ तळाचा बूट घातला तर तळव्याला प्रत्येक दगड टोचेल. रानवारा, बास्केटबॉलचा अभ्यास ऐकून मी विचारात पडलो आहे. माझा एक घोटा पूर्वी दोनदा मुरगळलाय, म्हणून मी उंच बुटांवर ठाम होतो. अशा माणसाने काय करावं?

रानवारा

पूर्वी मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, तेव्हा तुमची काळजी योग्यच आहे. अशा घोट्यासाठी नाडीने आवळायचा वेगळा पट्टा मिळतो, आणि त्याचा उपयोग होतो हे खेळाडूंमध्ये चांगलं दिसून आलं आहे. फिजिओथेरपिस्टला दाखवून तो घ्या आणि तो घालूनच बूट मापून बघा, कारण पट्ट्याला जागा लागते. उंच कॉलर पट्ट्यावर घासत नाही ना, तेही बघा. संतुलनाचे व्यायाम तुमच्यासाठी ऐच्छिक नाहीत, ते करायलाच हवेत.

पायखुणा

तळाबद्दल अजून कुणी नीट लिहिलं नाही, म्हणून लिहितो. बूट दुरुस्तीच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत. बूट कुठे मरतो ते रोज दिसतं.

बुटाचा तळ म्हणजे तीन थर. जमिनीला लागतं ते रबर, त्यावर फोमचा मिडसोल, आणि काही बुटांत त्या दोघांत प्लॅस्टिकची एक पातळ ताठ पट्टी.

रबराची नक्षी सगळे बघतात, रबर कुणी बघत नाही. खोल, विरळ दाते चिखलात आणि भुसभुशीत मातीत रुततात, तिथे त्यांचं काम आहे. ओल्या कातळावर मात्र नक्षीपेक्षा रबराचा मऊपणा महत्त्वाचा. मऊ रबर दगडाच्या बारीक खरखरीत दबून बसतं. नखाने दाबून बघा: किंचित खूण उमटून परत भरून येत असेल तर रबर चिकट जातीचं आहे. काचेसारखं टणक लागलं तर तो तळ वर्षानुवर्षं टिकेल, पण ओल्या कातळावर घसरेल. मऊ रबर लवकर झिजतं, हे स्वीकारूनच घ्यायचं. चालतींच्या मिश्र वाटांना चार ते पाच मिलिमीटरचे दाते आणि चवड्याच्या पुढच्या भागात थोडी सपाट जागा, हे चांगलं जमेल. सपाट जागा कातळावर चढताना टेकवायला लागते. टाचेच्या मागच्या कडेचे दाते उलट दिशेला असावेत, उतारावर तेच रोखून धरतात. शेवाळावर मात्र कुठलंच रबर भरवशाचं नाही.

रबरी दातेरी तळ ही गोष्ट आज साधी वाटते, पण तिच्यामागे दुःख आहे. १९३५ साली आल्प्समधल्या पुंता रासिका शिखरावर वादळात सापडून सहा गिर्यारोहक मरण पावले. त्या मोहिमेत विटाले ब्रमानी होते. त्या काळी पायथ्यापर्यंत खिळे मारलेले जड बूट आणि वर कातळावर पातळ तळाची पादत्राणं वापरत, आणि ती थंडीत निरुपयोगी ठरली. खडकावर पकडेल आणि थंडीतही चालेल असा एकच तळ हवा, या ध्यासातून १९३७ साली त्यांनी व्हल्कनाइज्ड रबराचा दातेरी तळ आणला. व्हिब्रम हे नाव त्यांच्याच नावापासून बनलं. बुटाखाली तो पिवळा अष्टकोन दिसला की मला दर वेळी हे आठवतं. पण लक्षात ठेवा, त्या एका नावाखालीही वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळं रबर येतं, तेव्हा नखाची परीक्षा तिथेही करा.

मिडसोल बहुतेक हलक्या बुटांत ईव्हीए नावाच्या फोमचा असतो, काहींत पॉलियुरेथेन या दुसऱ्या फोमचा. ईव्हीए हलका, पण दबत जातो आणि दबलेला परत फुगत नाही. पॉलियुरेथेन जड आणि टिकाऊ, पण हवेतल्या दमटपणाने त्याचे आतून तुकडे पडतात. न वापरता खोक्यात ठेवलेला असला तरीही. कित्येक जण चांगले जपलेले जुने बूट घालून निघतात आणि वाटेत तळ गळून पडतो. म्हणून जुना साठा सवलतीत मिळतोय म्हणून घेऊ नका, आणि ठेवणीतले बूट निघण्याआधी हाताने वाकवून बघा.

ताठपणा बघायला बूट दोन हातांत धरून टॉवेलासारखा पिळा. सहज पूर्ण पिळला जात असेल तर दगडधोंड्यांवर तळवे थकतील. अजिबात पिळला जात नसेल तर चालणं लाकडी होईल. चवड्यापाशी वाकणारा आणि मधे न दुमडणारा बूट तुमच्या कामाचा. धावायचे बूट कमी पडतात ते इथेच, आणि बोटांपुढे रबराचं टोक नसतं म्हणून.

चालती

केवढं शिकायला मिळतंय. पायखुणा, तुमची नखाची परीक्षा घरच्या जुन्या बुटांवर करून बघितली, अक्षरशः दगड झालाय तळ. वॉटरप्रूफचं मात्र अजून कळलं नाही. ओढा ओलांडायचा असतो, पाऊसही लागतो, मग घ्यायलाच हवेत ना?

सांजवेळ

थंड हवा, ओलं गवत, विरघळता बर्फ अशा ठिकाणी जात असाल तर घ्या. तिथे पाय कोरडा ठेवणं म्हणजे पाय उबदार ठेवणं. उष्ण, दमट हवेत माझा सल्ला स्पष्ट आहे: घेऊ नका.

आतलं सूक्ष्म छिद्रांचं आवरण घामाची वाफ बाहेर सोडतं, पण आत उष्ण-दमट आणि बाहेर थंड-कोरडं असेल तेव्हाच. बाहेरही तसंच दमट असलं की वाफेला जायला दिशाच उरत नाही. वरचं कापड भिजून पाण्याने भरलं तरी तेच. पाय मग आपल्याच घामात भिजतो. ओढ्यात पाणी कॉलरच्या वरून शिरलं तर ते आवरण पाणी आतच धरून ठेवतं आणि बूट वाळायला दिवस लागतो. जाळीदार बूट मात्र ओढ्यात भिजतो, चालताना पाणी पिळून टाकतो आणि तासा-दोन तासांत बराचसा सुकतो.

ओली त्वचा कोरड्या त्वचेपेक्षा जास्त घासते, तिथेच फोड येतात. म्हणून सुती मोजे नकोत, ते पाणी धरून ठेवतात. मेरिनो लोकर किंवा कृत्रिम धाग्याचे मोजे घ्या, आणि एक कोरडी जोडी पाठीवर असू द्या. ओढा ओलांडल्यावर पाच मिनिटं थांबून मोजे बदलणं मला कुठल्याही आवरणापेक्षा मोलाचं वाटतं.

चालती

काल दुपारनंतर दुकानात जाऊन आले, मोजे घेऊन. इनसोल काढून उभी राहिले तर तीन जोड्या तिथेच बाद झाल्या, करंगळी बाहेर येत होती. विक्रेत्यांनी जिना वापरू दिला. शेवटी दोन जोड्या उरल्या आहेत. पहिली घोट्याखालची, जाळीदार, पुढे ऐसपैस, रबर मऊ, उतारावर बोटं अजिबात लागत नाहीत. पण टाच किंचित उचलली जाते. दुसरी घोट्यापर्यंतची, वॉटरप्रूफ, टाच घट्ट, पण चवड्याला बाहेरून दाब जाणवतो. विक्रेते म्हणाले, वापरून सैल होईल. अजून पैसे दिलेले नाहीत. काय करू?

रानवारा

पहिली. टाचेच्या किंचित हालचालीवर उपाय आहे, चवड्याच्या दाबावर नाही.

सर्वांत वरच्या दोन छिद्रांत नाडी बाहेरून आत अशी त्याच बाजूला ओवा, म्हणजे दोन्हीकडे एकेक छोटा फासा तयार होईल. मग डावं टोक उजव्या फाशातून, उजवं डाव्यातून काढा, टाच मागे घट्ट टेकवून खाली आणि मागे ओढा, आणि नेहमीसारखी गाठ मारा. टाच जागेवर बसते. त्याखाली, पाऊल वाकतं तिथे, दोन टोकं एकमेकांभोवती एकदा जास्तीची फिरवून आवळली की खालचा भाग सैल आणि वरचा घट्ट ठेवता येतो. रुंद चवड्याला हे फार सुखाचं जातं. उतार लागण्याआधी दोन मिनिटं थांबून नाडी पुन्हा बांधायची सवय लावा. दुकानातच असं बांधून पुन्हा जिना उतरा. एवढं करूनही टाच बोटाच्या जाडीइतकी उचलली जात असेल तर ती जोडीही सोडा आणि दुसरीकडे बघा. घाई नाही.

पायखुणा

सहमत. बुटाची जीभ दोन्ही बाजूंनी शिवलेली आहे ना, एवढं बघून घ्या. सुटी असेल तर बारीक खडे तिथूनच आत येतात, आणि घोट्याखालच्या बुटात हा त्रास जास्त. शिवलेली असेल तर वरून कापडी गेटर (बुटाचं तोंड आणि घोटा झाकणारं आवरण) चढवला की कातळ यांनी सांगितलेले खडे-कुसळंही बाहेर राहतील.

घेतलेत की आधी घरात घाला, तळ मळू देऊ नका, म्हणजे बदलून घ्यायची वाट मोकळी राहते. मग छोट्या वाटेवर, मग पूर्ण दिवसाला. भिजले तर इनसोल काढून, आत कागद कोंबून सावलीत वाळवा. शेकोटीजवळ किंवा हीटरसमोर ठेवलेल्या बुटांचा डिंक सुटतो, अशा जोड्या माझ्याकडे सतत येतात.

चालती

जीभ शिवलेली आहे. नाडी सांगितल्याप्रमाणे बांधून जिना पुन्हा उतरले, टाच हलली नाही. पहिली जोडी घेतली. एक शेवटचं: हे बूट बाद कधी समजायचे? चामड्याचे बूट मी तळ गुळगुळीत होईपर्यंत वापरले होते.

पायखुणा

हलक्या बुटात मिडसोल बहुधा रबराच्या आधी संपतो, आणि ते वरून दिसत नाही. बूट सपाट टेबलावर ठेवून मागून बघा. एका बाजूला कललेला दिसला तर मिडसोल दबलाय. बाजूने बघा, फोमवर आडव्या बारीक सुरकुत्या कायमच्या राहिल्या असतील तर तेच. पूर्वी न दुखणारा तळवा किंवा गुडघा त्याच ओळखीच्या वाटेवर दुखू लागला, तर दाते कितीही शाबूत असोत, ते बूट डोंगरासाठी संपले. गावातल्या चालण्याला वापरा. आज घेतलेल्या बुटाचे मागून आणि बाजूने फोटो काढून ठेवा, म्हणजे पुढे तुलना करता येईल.

कातळ

फोटोंची सूचना मीही आज अमलात आणतो. चालती, पहिल्या पूर्ण दिवसानंतर घसाऱ्यावर कसा अनुभव आला ते इथे नक्की लिहा. मी पट्ट्यासह बसक्या बुटांचं माप घेऊन बघणार आहे, तेही कळवतो.